दिवसा लावलेलं दार

आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. लालबागची चाळ, मजल्यावर बावीस खोल्या, आणि पहाटे पाण्याला उठल्यापासून अंथरुणं पडेपर्यंत बावीसच्या बावीस दारं सताड उघडी. दिवसाढवळ्या कुणाचं दार लागलेलं दिसलं की समजायचं, आत कुणी वारलंय, नाहीतर बाळंतपण चाललंय. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा ह्यात तिसरं कारण वाढलं. पोलीस गल्लीत शिरले, अश्रुधुराची नळकांडी फुटायला लागली की सगळी दारं धाडधाड बंद व्हायची, फटींना ओली फडकी लागायची आणि आम्ही पोरं डोळ्यांवर ओले पंचे घेऊन आत बसायचो. दार लावायला चौथंही कारण असू शकतं हे आमच्या चाळीला माहीत नव्हतं. ते आमच्या खोलीने दाखवून दिलं. त्यात सगळ्यात मोठा घोळ माझा होता, म्हणून मीच सांगते.

खोली दहा बाय बाराची. तीत आम्ही सातजण: बाबा, आई, मी, माझे दोन धाकटे भाऊ, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे काका आणि त्याची नवी बायको, काकी. एवढ्या जागेत कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत नाही अशी घटका नसायची. पण धक्का लागणं वेगळं आणि मायेने हात लावणं वेगळं. माया सगळी पोरांच्या वाट्याला. आम्हाला कुणीही ओढावं, मांडीवर घ्यावं, गालगुच्चे घ्यावेत. शेजारच्या खोलीतली मावशी तर माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची आणि वर मशेरीच्या तोंडाने पापा घ्यायची. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "नको काय गो? तुझी दुपटी धुतलीत मी." गाल माझे, पण हक्क अख्ख्या मजल्याचा. मला त्याचा असा संताप यायचा की काय सांगू.

मोठ्यांचं बरोबर उलटं. नवऱ्याने बायकोला चारचौघांत हात लावायचा नाही, नावाने हाक मारायची नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा ते भिंतीकडे बघितल्यासारखं. आणि आमच्या खोलीत चारचौघं नाहीत अशी वेळच नव्हती. आई बाबांना चहा द्यायची तो कपबशी जमिनीवर ठेवून बोटाने पुढे सरकवायची. मग बाबा ती उचलायचे. माझ्या दहा वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या बोटाला बोट लागलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि पाहायला हवं होतं असं मला वाटतही नव्हतं.

माघात काकाचं लग्न झालं आणि मालवणाकडची काकी आमच्या खोलीत आली. तिला पाहिलं आणि मी वेडीच झाले. ती मला काही न विचारता ओढायची नाही, गाल ओढायची नाही, नुसती बाजूला बसू द्यायची. तिच्या दंडाला गाल लावला की गार वाटायचं. खोबरेल तेलाचा वास यायचा. ती भाकऱ्या थापत असली तर मी तिच्या पाठीला टेकून, ती तांदूळ निवडत असली तर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून. आई म्हणायची, "चेडवा, घोरपडीसारखी चिकटू नको. तिका वायच श्वास घेवक दी." मी ढिम्म हलायची नाही. झोपायची व्यवस्था अशी की पुरुष बाहेर गॅलरीत आणि बायकापोरं आत. म्हणजे काका बाहेर, काकी आत आणि काकीच्या गळ्यात मी. मला सांगा, ह्यात काही चुकतंय हे दहा वर्षांच्या पोरीला कसं कळणार?

काका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता, पहिल्या पाळीला. भलताच लाजरा माणूस. सभेत पहिल्या रांगेत बसून "झालाच पाहिजे" असा ओरडायचा की दोन दिवस घसा बसलेला असायचा, पण बायकोसमोर आला की घसा न ओरडताच बसायचा. सकाळी तो दारात उभा राहून म्हणायचा, "डबो." काकी म्हणायची, "भरलोसा." झालं. नव्या संसाराचं सगळं बोलणं एवढंच. मी साडेतीन महिने रोज ऐकलंय.

दुपारी काका परत आला की मी धावत जाऊन त्याच्या हातातून रिकामा डबा घ्यायची. डबा धुणं हे माझं काम. आणि त्या कामावर माझं फार प्रेम, कारण डब्याच्या वरच्या पुडात रोज कागदात गुंडाळलेल्या लिमलेटच्या दोन गोळ्या असायच्या, एक केशरी आणि एक पिवळी. काका बोलत नसला तरी माझ्यावर त्याचा किती जीव आहे, ह्या विचाराने मला भरून यायचं. मोरीत बसून मी आधी केशरी खायची, मग पिवळी. धाकट्या भावांना वास लागू नये म्हणून वरून चूळ भरायची. मग डबा घासायचा.

आणि मग वैशाखात काकीच्या वडलांचं कार्ड आलं. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने लेकीला माहेरी न्यायला येतो, पुढच्या आठवड्यात मुंबईला पोचेन, असं त्यात होतं. कार्ड मीच मोठ्याने वाचलं. पाऊस लागला की कोकणातल्या बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू होणार. मी बोटांवर महिने मोजले आणि माझं तोंड उतरलं. काकीला विचारलं, "नारळी पौर्णिमेला पहिल्या बोटीने येशील ना?"

काकी तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता हळू म्हणाली, "माझा लगीन माणसाबरोबर झाला काय डब्याबरोबर, ताच माका कळना नाय. आता गेलंय की परत येवचंय नाय." आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन सुपात पडलं.

मी उठले ती थेट गॅलरीच्या टोकाला, सार्वजनिक नळावर. आई तिथे कपडे धूत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं: काकी परत येणार नाही, काका तिच्याशी बोलतच नाही, मी काकाला मारणार आहे. आईने चादर पिळली, झटकली, पुन्हा पिळली. मग म्हणाली, "कुणाला बोललीस?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग बोलू नको." एवढंच. मला वाटलं, काय ही बाई, घर मोडायला आलंय आणि ही चादर पिळते आहे.

तो शनिवार. रविवारी कामगार मैदानावर सभा होती. सकाळी चहाच्या वेळी आईने कपबशी बोटाने बाबांपुढे सरकवली आणि जाहीर केलं, "आज सभेला सगळ्यांनी जायचं. पोरांना घेऊन. मी पण येते."

बाबा बघतच राहिले. आई कधी सभेला गेली नव्हती. तिच्या मते सभा म्हणजे पुरुषांना घरकामातून पळ काढायला मिळालेलं निमित्त. बाबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग काकाकडे पाहिलं, मग काकीकडे, आणि मग पुन्हा बाबांकडे. बाबांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "हां. हां हां. जायलाच पाहिजे. घरटी माणूस मोजणार आहेत म्हणतात."

"हिचं डोकं दुखतंय, ही घरी राहील," आई काकीकडे बोट करून म्हणाली.

काकी म्हणाली, "माझा? नाय ओ वैनी, माका काय झाला नाय."

"दुखतंय," आई म्हणाली. काकीने कपाळाला हात लावला.

मग बाबा काकाला म्हणाले, "तू थांब घरी. तिच्या कपाळाला बाम लाव."

काकाचे कान लाल झाले. बिचारा आठवडाभर त्या सभेची वाट बघत होता. "पण सभा आसा," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "एक दिवस तुझ्यावाचून भागवेल महाराष्ट्र."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कसली गप्प बसते. काकीचं डोकं दुखतंय आणि बाम कोण लावणार, तर हा न बोलणारा माणूस? मी जमिनीवर बसकण मारली. बाम मी लावणार, डोकं मी चेपणार, मी सभेला येणार नाही, महाराष्ट्र झाला नाही तरी चालेल, असं मी चाळभर ऐकू जाईल एवढ्याने सांगितलं. आईने मला मांडीला असा चिमटा काढला की त्याचा वळ आठ दिवस होता. चार वाजता मला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. आई सगळ्यात शेवटी निघाली आणि जाताना तिने दार ओढून घेतलं. भर चार वाजता. एवढी वर्षं त्या चाळीत काढूनही त्या घटकेला तिला शेजारची मावशी आठवली नाही.

मैदानावर ही गर्दी. मी पाठ करून बसले होते, कुणाशी बोलत नव्हते. पण आईकडे लक्ष गेलं आणि माझा राग विसरायला झाला. पहिल्या भाषणाला ती पदर सावरून खाली बघत होती. दुसऱ्या भाषणाला मान वर झाली. तिसऱ्याला "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं कुणी म्हटलं की "झालाच पाहिजे" हे माझ्या आईच्या तोंडून सगळ्यांच्या आधी यायचं, मूठ वर, बांगड्या कोपरापर्यंत खाली. पुढे बसलेले दोघे वळून बघायला लागले. बाबा हसत होते. मग मागून गर्दीचा लोंढा आला, आई हेलपाटली, आणि बाबांनी तिचं मनगट धरलं. गर्दी मागे सरली तरी सोडलं नाही. मी डोळे फाडून बघत होते. मनगट धरलेल्या हातासकट आईने पुन्हा मूठ वर केली, तेव्हा बाबांचाही हात वर गेला.

एवढ्यात आमच्या चाळीतला एकजण धापा टाकत आला. "चला घरी. लालबागला कर्फ्यू लागला. आपल्या चाळीत दारं लागलीत सगळी."

आईचा चेहरा पांढरा पडला. एका भावाला बाबांनी खांद्यावर टाकलं, एकाला आईने ओढलं, आणि आम्ही पळत सुटलो. वाटेत वाण्याच्या दुकानाच्या फळ्या लागत होत्या. इराण्याने खुर्च्या आत घेतल्या होत्या. समोरच्या चाळीचीही दारं बंद. गल्लीत मात्र पोलीस औषधालाही नव्हता. एक बोकड भिंतीवरचं सभेचं पत्रक ओढून खात होता, त्याला कुणी हटकत नव्हतं.

खरा प्रकार नंतर कळला. मावशी गॅलरीत कोकमं पसरायला आली, तर आमचं दार बंद. सभा असून काका सभेला गेला नाही, हे तिने पाहिलेलं. म्हणजे ह्याला आतली खबर लागली आहे, पोलीस येताहेत, असं तिने ताडलं. तिने स्वतःचं दार लावून फटीत ओलं फडकं कोंबलं. ते पाहून तिच्या पलीकडच्यांनी लावलं. पाच मिनिटांत आमचा मजला, मग खालचा, मग वरचा, मग वाणी, मग इराणी, मग समोरची चाळ. अर्धं लालबाग ओल्या पंच्याखाली बसून आमच्या काकाच्या इशाऱ्याची वाट बघत होतं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. बाबांनी आमच्या दारावर थाप मारली. आतून काकीचं हसू ऐकू आलं. काकीला हसताना मी तोवर ऐकलं नव्हतं. दार उघडलं. काकीच्या कपाळावर बामाचा एवढा थर होता की भुवया दिसत नव्हत्या, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. काकाने घाबरून अर्धी बाटली लावली होती. दोघांच्या मधोमध जमिनीवर रिकामा डबा, झाकण उघडं.

काका माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, हयसर ये. डब्यातल्यो गोळ्यो कोण खाता?"

आई बघायला लागली. बाबा बघायला लागले. मावशीनेही तेवढ्यात दार किलकिलं करून डोक्यावरच्या ओल्या टॉवेलखालून विचारलं, "गेले काय रे पोलीस?" आणि तीही बघायला लागली.

गोळ्या काकीसाठी होत्या. काकाने मनातल्या मनात बेत ठरवला होता: दोन गोळ्या पाठवायच्या, एक तिने खायची आणि एक दुसऱ्या दिवशी डब्यात घालून त्याला परत पाठवायची. हा बेत त्याने काकीला सांगितला नव्हता. सांगणार कुठे आणि कधी? साडेतीन महिने तो रोज जेवणाच्या सुट्टीत साच्यांच्या खडखडाटात डबा उघडून भाकरी उचलून बघायचा, आणि खाली कालवणाशिवाय काही नसायचं. मग त्याला वाटलं, हिला आपण आवडलो नाही. मग तो आणखी गप्प झाला. काकीला वाटलं, ह्यांना आपण नकोच आहोत. आणि ह्या दोघांच्या मधे बसून मी केशरी आधी खात होते आणि पिवळी मागून.

त्या दिवशी दाराआड पहिला अर्धा तास दोघं नुसती बामाची बाटली ह्या हातातून त्या हातात देत होती, असं काकीने मला पुढे सांगितलं. मग काका भिंतीकडे बघून म्हणाला, "गोळ्यो आवडनत नाय तर सांगाचा तरी." काकी म्हणाली, "खंयच्यो गोळ्यो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "माझ्यासाठी होत्या, काका माझा लाडका आहे," असं मी ओरडले आणि भोकाड पसरलं. मला खरंच लाज वाटली, इतकी की मोरीच्या भोकातून निघून जावं असं वाटलं. काकीने मला ओढून जवळ घेतलं, बाम माझ्या केसांना लागला. हसतच म्हणाली, "रडा नको. पण आजपासून माझ्या डब्याक हात लावचो नाय."

त्या खोलीत तोवर कुणाचं असं काही नव्हतं. पंचा सगळ्यांचा, फणी सगळ्यांची, मी आणि माझे गाल सगळ्यांचे. डबा ही पहिली वस्तू, जिला बोट लावायचं नाही. मला फार लागलं ते. पण दुसऱ्या दिवशी मावशी पापा घ्यायला आली तेव्हा मी दोन्ही गालांवर हात ठेवले आणि काकीच्याच सुरात म्हटलं, "माझ्या गालाक हात लावचो नाय." मग मावशीने लांबूनच बोटं मोडली. तेवढी मी चालवून घेतली.

आठवड्याने काकीचे वडील आले, फणस आणि पिशवी घेऊन. काकी त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, ह्या खेपेला येवक जमाचा नाय, डबो कोण भरतलो? ते बिचारे एवढ्या लांबून बोटीने आलेले. त्यांनी तिला बाजूला घेऊन काही त्रास आहे का विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. वडलांना बोटीवर बसवताना भाऊच्या धक्क्यावर मात्र रडली. काका तिच्या शेजारी उभा होता, दोघांमधे वीतभर अंतर. ते अंतर मी भरून काढायला निघाले होते, पण आईने माझी वेणी धरून मला मागे ओढलं.

त्यानंतर दर रविवारी आम्ही सभेला. कुठे ना कुठे सभा असायचीच, आज परळ, उद्या शिवाजी पार्क. नसली तरी बाबा टोपी घालून गॅलरीत मोठ्याने म्हणायचे, "चला रे, सभा आहे." काकीचं डोकं रविवारी चारला नेमकं दुखायचं. मावशीला चौथं कारण एकदाचं समजलं आणि ती आमच्या बंद दारापुढे सूप घेऊन राखणीलाच बसायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आजारी आहे ती, आवाज नको." पुढे मजल्यावरच्या आणखी दोन नव्या सुनांची डोकी रविवारचीच दुखायला लागली. काकाच्या डब्यात मात्र रोज एक गोळी निघायची, कधी कालवणाचा वास लागलेली. तो ती तशीच खायचा.

मग एक दिवस महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. चाळीत दिवे लागले, पेढे वाटले, काकाचा घसा आठवडाभर बसला. काकीच्या मांडीवर तेव्हा पोर होतं आणि काका-काकीला गिरणीजवळच्या दुसऱ्या चाळीत खोली मिळाली होती. ती दोघं गेली. आमची खोली एकदम मोठी वाटायला लागली.

त्यानंतरचा पहिला रविवार. चार वाजले. बाबांनी टोपी उचलली, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ती हातातच धरून उभे राहिले. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आता कसली सभा? मिळाला की महाराष्ट्र." घरात डोकं दुखणारंही कुणी नव्हतं.

आईने तोवर चपला पायांत घातल्या होत्या. ती म्हणाली, "बेळगाव राहिलंय अजून."

आणि निघाली. बाबा तिच्यामागून निघाले. मी गॅलरीतून वाकून बघत होते. गल्ली मोकळी होती, गर्दीचं नाव नव्हतं, कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. वाण्याच्या दुकानापुढे बाबांनी तिचं मनगट धरलं.

बेळगाव अजून राहिलंच आहे. आई-बाबा दोघं होती तोवर एक रविवार चुकला नाही.